काच नेणाऱ्या मुलीची चाल

आमच्या स्टुडिओत चार खुर्च्या आहेत. त्यांतली एकच धड आहे आणि ती मधलीताईची आहे. हे कुणी ठरवलेलं नाही. पहिल्या दिवशी ती आली, चारही खुर्च्यांवर आळीपाळीने बसून पाहिलं, चौथीवर स्थिरावली आणि कामाला लागली. मालक मी, निदान दारावरच्या पाटीवर तरी तसं लिहिलंय. पण तेव्हापासून मी डुगडुगत्या खुर्चीवर बसतो आणि बोलण्याच्या भरात वर्षातून दोनदा तरी मागच्या मागे पडतो.

स्टुडिओ हा शब्दही जरा मोठाच आहे. एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या, मधे लांबलचक बोळ, आणि खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरून आपणहून घरंगळणाऱ्या पेन्सिली. माणसं तीन. मी गोष्टी लिहितो आणि बोलतो. रंगारीण मागची दृश्यं रंगवते, म्हणजे घरं, रस्ते, आकाश; ती दोन मुलांची आई आहे आणि तिघांत फक्त तिचंच टेबल स्वच्छ असतं. आणि मधलीताई माणसांना चालवते.

हे नाव तिला आमच्याकडे येण्याआधीच पडलं होतं. अ‍ॅनिमेशनमध्ये मोठा चित्रकार हालचालीची मुख्य चित्रं काढतो: ससा जमिनीवर, ससा हवेत, ससा पुन्हा जमिनीवर. त्यांच्या मधली चित्रं, ज्यांच्यामुळे ससा खरोखर उडी मारतो, ती काढायला वेगळी माणसं बसवलेली असतात. त्यांची नावं शेवटी बारीक अक्षरांत येतात आणि तोवर लोक उठून दाराकडे निघालेले असतात. मधलीताईने अठ्ठावीस वर्षं हेच केलं. ससे, अस्वलं, नाचणारे दात, बोलणारी आगबोट. चार वर्षं तर एका हत्तीपायी गेली. हत्ती कुणा दुसऱ्याचा, त्याची वाहवा दुसऱ्याची, चालवला मात्र हिने.

तिचं खरं शिक्षण रस्त्यावर झालं. बसची वाट बघत उभी असली की ती बसकडे बघत नाही, लोकांच्या पायांकडे बघते. "त्या बाईंच्या चपला नव्या आहेत, चावतायत, पण कबूल करायचं नाहीये," असं ती पुटपुटते, आणि ती बाई दहा पावलांवर थांबून टाच चोळते. एकदा सकाळी रंगारीण जिना चढून आत आली, अजून पिशवीही ठेवली नव्हती, तर ही कागदावरून मान न उचलता म्हणाली, "आज टाच आपटतेयस. सासूबाई की नवरा?" रंगारीण मटकन खाली बसली आणि अर्धा तास रडली. सासूबाईच होत्या.

आता आमच्या फिल्मबद्दल. ती मी लिहिली असं मी दोन वर्षं सगळीकडे सांगितलं, आणि लिहिली मीच, पण गोष्ट मधलीताईची आहे. एका दुपारी खालचं यंत्र बंद पडलं होतं आणि तिला शांततेत बोलावंसं वाटलं असावं. आठ वर्षांची असताना तिने चेंडू मारून शेजारच्यांची खिडकी फोडली. कुणी बघितलं नव्हतं. ती घरात काही न बोलता काचवाल्याकडे गेली, साठवलेलं सगळं त्याच्यासमोर ओतलं, आणि तिच्या छातीएवढी काच दोन हातांत धरून गावाच्या या टोकापासून त्या टोकाला चालत आली. "पोचली का काच?" मी विचारलं. "पोचली," ती म्हणाली आणि पुन्हा पेन्सिलीला टोक करायला लागली.

अकरा मिनिटांची फिल्म माझ्या डोळ्यांसमोर उभीच राहिली. एक मुलगी, एक काच, आणि काचेतून दिसणारं सगळं गाव. कुत्रा आडवा येणार, सायकल येणार, वारा सुटणार. बोलणं जवळजवळ नाहीच. सगळी फिल्म म्हणजे एक चालणं. मी आठवडाभरात लिहून काढली आणि वाचून दाखवली. तिने ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाली, "वारा नको. वारा नव्हता." वारा काढला.

अशा फिल्मला पैसा देणारं आमच्या माहितीत एकच ठिकाण होतं. दर दोन वर्षांनी एक निवड समिती बसते, वीस मिनिटं ऐकते, पंधरा-सोळा जणांमधून तिघांना पैसे देते. मधलीताई चोपन्न वर्षांची होती. तिने अर्ज भरायच्या दिवशीच मला स्पष्ट सांगितलं, "हे एकदाच करणार. नाही मिळालं तर मी ससेवाल्यांकडे परत जाते, त्यांनी बोलावलंय. पुढच्या दोन वर्षांसाठी थांबून राहायचं वय नाही माझं." तिच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं. आयुष्यात एकदा स्वतःची अकरा मिनिटं मिळतायत का ते बघायचं, नाही मिळाली तर पुन्हा दुसऱ्यांचे ससे, एवढा सरळ हिशेब होता.

अर्जात दिग्दर्शक म्हणून नाव माझं. तिला विचारलं होतं मी, अगदीच हलकट नाही. "तू बोलतोस चांगलं," ती म्हणाली, "त्यांना बोलणारा माणूस लागतो." मला ते पटलं. मला माझ्याविषयीच्या चांगल्या गोष्टी लगेच पटतात.

नमुना म्हणून दोन मिनिटांची फिल्म करून न्यायची होती. मधलीताईची पद्धत जुनी आहे. जे काढायचं ते ती आधी स्वतः करून बघते. म्हणजे तिने खिडकीच्या आकाराचा पुठ्ठा दोन हातांत धरला, गळ्यात घड्याळ अडकवलं, आणि बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. दिवसभर. दर खेपेनंतर भिंतीपाशी थांबून कागदावर आकडे टाकायची. साधारण एका पावलाला बारा चित्रं लागतात, दुसऱ्या पावलाला बारा, असं माणूस चालतं. तिच्या कागदावर तेरा, अकरा, तेरा, अकरा असे आकडे होते. मी ते बघितले. नुसते बघितले असते तर ठीक होतं, मी वर म्हणालो, "वा, काय लय आहे!" तिने ते ऐकलंही नाही; आकडे ती नुसते उतरवत होती, बघत नव्हती, लक्ष सगळं चालण्यात.

नमुना तयार झाला आणि आम्ही तिघांनी तो शंभरदा तरी बघितला असेल. मुलगी काच घेऊन येते, काचेत ढग सरकतात, एक म्हातारा वाट देतो. आम्हाला ती मुलगी अगदी आपली वाटायची. का, ते नंतर कळलं.

समितीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि आम्हाला पैसे मिळणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बाहेरच्या बाकांवर आमच्या आधीची मंडळी बसली होती. सगळ्यांचे सारखे शर्ट, त्यावर त्यांच्या फिल्ममधलं माकड. त्यांच्या हातात माकडाची बाहुली, माकडाचं घड्याळ, माकडाच्या कानांची टोपी. आमच्या हातात अर्जाच्या पाच जादा प्रती आणि रंगारीणच्या डब्याची पिशवी. "यांना मिळेल," मधलीताई म्हणाली. "माकडाची उडी चांगली असणार, त्यांच्यातला तो पोरगा बसल्या जागी पण पंजांवर बसलाय." मी म्हटलं, "तिघांना मिळतं, ताई. एक त्यांचं, एक आपलं, तिसऱ्याचं तिसरा बघेल."

ठरलं असं होतं की मी बोलायचं, रंगारीणने नमुना लावायचा आणि मधलीताईने बसायचं.

खोली मोठी होती, एका बाजूला उंच खिडक्या, दुपारचं ऊन टेबलापर्यंत आलेलं. समितीत तिघं. मधे अध्यक्षबाई, पांढरे कापलेले केस, हसरा चेहरा, पण हसू केव्हा आवरायचं ते बरोबर माहीत असलेल्या. त्यांच्या उजवीकडे एक दाढीवाले, स्वतः फिल्म करणारे, सारखी मान डोलावणारे. डावीकडे एक टायवाले गृहस्थ. ते कागदपत्रं बघणारे असावेत, कारण आम्ही आत गेल्यापासून त्यांनी आमच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. मधे एकदा उठून कोपऱ्यात पाणी पिऊन आले तेवढेच. मी मनात त्यांच्यावर काट मारली. माणसं ओळखण्यात माझा हातखंडा आहे, असं माझं फार दिवस मत होतं.

मी बोललो. आणि खोटं कशाला सांगू, सुरेख बोललो. अध्यक्षबाई पुढे सरकल्या, दाढीवाल्यांनी दोनदा "अहाहा" केलं. मग खिडक्यांचे पडदे ओढले आणि नमुना लागला. दोन मिनिटं खोलीत फक्त त्या मुलीच्या पावलांचा आवाज. पडदे पुन्हा सरले तेव्हा मला पैसे मिळाले होते. फक्त पत्र यायचं बाकी होतं.

"एक विचारायचं होतं," टायवाले म्हणाले. त्यांनी पहिल्यांदाच आमच्याकडे बघितलं. "ती मुलगी लंगडते का?"

मी रंगारीणकडे बघितलं. रंगारीणने माझ्याकडे बघितलं. मधलीताई पडद्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता.

माझं एक आहे. तोंड आधी निघतं आणि डोकं मागून धापा टाकत येतं. "अगदी बरोबर पकडलंत!" मी म्हणालो. "ते आम्ही मुद्दामच ठेवलंय. सांगायचं नाही, नुसतं दिसू द्यायचं."

"अरे वा!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "मग हे अर्जात कुठे नाही ते? पाय अधू असलेली मुलगी, हातात एवढी काच, गावभर चालायचं... ही तर वेगळीच फिल्म झाली हो. लोक श्वास रोखून बघतील. रडतील."

"रडतीलच," मी म्हणालो. आणि तिथे थांबलो असतो तर. पण मी सुटलो. तीन मिनिटांत मी त्या पोरीचा अपघात घडवला, तिला चिडवणारी पोरं निर्माण केली, एक डॉक्टर आणला, आणि चेंडू मारताना तोल गेला म्हणून काच फुटली असं नवीनच काहीतरी जोडलं. दाढीवाले भराभर लिहून घ्यायला लागले. रंगारीणने टेबलाखालून मला लाथ मारली. मला वाटलं, शाबासकी आहे.

"स्पष्टच सांगते," अध्यक्षबाई म्हणाल्या, "असं असेल तर आमच्यात मतभेद व्हायचं काही कारण मला दिसत नाही."

"नाही," मधलीताई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती उभी राहिली होती. टेबलाला हात टेकून उभी राहिली होती, हे मी तेव्हा बघितलं.

"मुलगी लंगडत नाही. मी लंगडते. माझा डावा गुडघा गेलाय, दीड वर्ष झालं. मी स्वतः चालून वेळ मोजते आणि तेच कागदावर उतरतं. डावा पाय टेकला की पटकन उचलते मी, दुखतो म्हणून. तेच तिला लागलंय. चूक माझी आहे." मग माझ्याकडे बोट करून, "याला माहीत नव्हतं, म्हणून काहीतरी बोलला."

काहीतरी नव्हतं ते, शुद्ध थाप होती. पण तिने तेवढ्यावर निभावून नेलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थाप उघडी पडली त्याचं फारसं काही नाही, त्याची सवय आहे. पण दीड वर्ष ही बाई आमच्यासमोर बोळातून येत-जात होती. आम्ही चालणं दाखवून पोट भरणारी माणसं. लोकांच्या चपला चावतात हे ओळखणाऱ्या बाईच्या शेजारी बसून आम्हाला तिचा पाय दिसला नाही. नमुन्यातली मुलगी शंभरदा बघून ती आपली वाटायची, ती ताईसारखी चालत होती म्हणून, आणि ताईचं तसं चालणं आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही दुखत असेल असं मनातही आलं नाही. ते एका अनोळखी माणसाला दोन मिनिटांत दिसलं. मला त्या माणसाचा राग आला आणि माझी स्वतःची लाज वाटली.

"पण ताई," अध्यक्षबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "चूक असली तरी फार चांगली चूक आहे. राहू द्या ना. तुमच्याच फायद्याचं सांगतेय."

मी मनातल्या मनात ओरडत होतो, हो म्हण, ताई, हो म्हण. स्वतःची अकरा मिनिटं तिच्या हातात येऊन पडली होती, फक्त मूठ मिटायची होती.

"काच नेणारी मुलगी लंगडती दाखवली की लोक तिच्या पायाकडे बघत बसतील," मधलीताई म्हणाली. "मला त्यांनी काचेकडे बघायला हवंय. आणि लंगडणाऱ्या मुलीची फिल्म करायची तर ती तिची म्हणून नीट करावी, ती काय करते, कशी करते ते बघून. माझं दुखणं उचलून हिच्या अंगावर टाकायचं आणि लोकांना रडवायचं, हे मला नाही जमणार. तुम्ही पैसे नाही दिलेत तरी नाही."

दाढीवाल्यांनी लिहिलेलं हळूच खोडलं.

"ठीक आहे," टायवाले म्हणाले. "पण मग तिची चाल काढणार कोण? तुमचा गुडघा तर असा. स्वतः चालून बघायची तुमची पद्धत. आठ वर्षांची मुलगी आता कुठून आणणार?"

प्रश्न अगदी वर्मावर होता. मधलीताईने मात्र त्यांच्याकडे असं बघितलं, जसं त्यांनी पेन्सिलीला टोक कुठल्या बाजूने करतात ते विचारलंय.

"मी चार वर्षं हत्ती काढलाय," ती म्हणाली. "मला काय सोंड होती?"

आधी दाढीवाले हसले, मग अध्यक्षबाई, मग सगळेच. टायवाले हसले नाहीत, पण त्यांनी पेनचं टोपण लावलं.

"तुमची चार मिनिटं राहिलीयत," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मला दहा लागतील."

"घ्या."

तिने माझ्या हातातून अर्जाच्या जादा प्रती घेतल्या, बारा कागद सोडवले, कोऱ्या बाजू वर केल्या आणि खिडकीकडे निघाली. सगळ्या खोलीसमोर, टेबलापासून खिडकीपर्यंत, तेरा-अकरा, तेरा-अकरा. लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. पहिला कागद उन्हाच्या काचेवर धरला आणि काढला. दुसरा त्याच्यावर ठेवला; मागून उजेड येत असल्यामुळे खालचं चित्र वर दिसत होतं. तिसरा. चौथा. डाव्या हाताच्या अंगठ्याने कोपरे दाबून धरलेले, उजवा हात न थांबता. सगळा भार उजव्या पायावर, डावा नुसता टेकलेला. मी खुर्ची घेऊन पुढे झालो तर तिने न वळता मान हलवली. मी खुर्ची धरून उभाच राहिलो आणि दहा मिनिटं तोंडातून अक्षर काढलं नाही. रंगारीण म्हणते, त्या दिवशीचा खरा चमत्कार तो.

बारा झाली. तिने कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि गठ्ठा सरळ टायवाल्यांच्या हातात दिला. "एका बाजूने घट्ट धरा, दुसरीकडून अंगठ्याने भरभर सोडा."

त्यांनी सोडले.

मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. मुलगी चालली. कोपरं बाहेर, हनुवटी वर, आधी टाच टेकून जमीन जागेवर आहे ना याची खात्री करून मगच पंजा टाकणारी. दोन्ही पावलं सारखी, एकेक चित्र गाळून सहा-सहांत. आणि शेवटच्या दोन-तीन चित्रांत तिला बहुतेक काचेत स्वतःचा चेहरा दिसला असावा, कारण तिने मान जराशी तिरकी केली, एवढ्या संकटातही, मी कशी दिसतेय म्हणून. ते माझ्या लिखाणात नव्हतं. ते माझ्या लिखाणातल्या सगळ्यापेक्षा चांगलं होतं.

टायवाल्यांनी पुन्हा सोडले. पुन्हा. पाच वेळा. मग गठ्ठा अध्यक्षबाईंकडे सरकवला आणि मधलीताईला म्हणाले, "माझाही डावाच आहे."

"कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही पाणी प्यायला उठलात तेव्हा."

बाहेर आल्यावर जिन्यात माझा तोल सुटला. मी तिच्यावर ओरडलो. "सांगायला काय झालं होतं? दीड वर्ष? आम्ही काय परके आहोत?"

ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. "सांगून काय केलं असतंस? मला बसवून ठेवलं असतंस. आणि मग चाल काढली असतीस तू." ती थांबली. "मला ते बघवलं नसतं."

खाली तिचे यजमान उभे होते. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, ते दुपारपुरतं बंद करून आले होते. मी त्यांनाही सोडलं नाही. "तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय," ते शांतपणे म्हणाले. "रोज संध्याकाळी जिना चढते ना. एक पायरी जोरात, एक हळू. दीड वर्ष ऐकतोय. दहादा सांगितलं डॉक्टरकडे चल. म्हणते, आधी त्या काच घेतलेल्या पोरीला घरी पोचवू दे."

रंगारीणने पिशवीतून डबा काढला आणि आम्ही तिथेच पायरीवर बसून, कुणाला भूक नसताना, तो संपवला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मीच उघडलं. निवड झाली होती. माकडवाल्यांचीही झाली होती. मी ओरडणार एवढ्यात खाली दुसरा परिच्छेद दिसला, "खालील एका अटीवर". वाटलं, झालं, आता पोरीचा पाय मागणार. अट अशी होती: समितीसमोर फिल्मबद्दलचा निर्णय ज्यांनी घेतला त्याच या फिल्मच्या दिग्दर्शक आहेत असं समितीचं मत आहे, अर्जातलं दिग्दर्शकाचं नाव त्याप्रमाणे बदलून पाठवावं. खाली तिघांच्या सह्या, पहिली टायवाल्यांची.

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आवाज नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न केला, पण मधे एकदा चिरकला. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. दोन वर्षं मी आरशासमोर दाढी करताना स्वतःला दिग्दर्शक म्हणत होतो. आणि त्याच वेळी, हेही तितकंच खरं, मला इतका आनंद झाला होता की मला बसवेना.

मधलीताई नको-नको म्हणेल, मी कुठली, वगैरे, असं मला वाटलं होतं. मी तिला समजवायची दोन वाक्यंसुद्धा मनात जुळवून ठेवली. ती वाया गेली. तिने पत्र हातात घेतलं, चष्मा लावून स्वतः एकदा वाचलं, आणि म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." मग माझ्याकडे बघून, "तुला लागलं का?"

"हो."

"लागू दे दोन दिवस. मग लिखाण घेऊन बस. ती शेवटची दोन पानं फार बोलकी झालीयत."

गुडघ्याची शस्त्रक्रिया तिने त्याच महिन्यात करून घेतली. फिल्मला दीड-दोन वर्षं लागणार, तेवढी पुरायला हवी ना तंगडी, असं तिनेच डॉक्टरांना सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात मी आणि रंगारीण तिला बघायला घरी गेलो. ती पलंगावर, पाय उशीवर, मांडीवर फळी आणि फळीवर कागद. यजमानांनी चहा टाकला. मी नेहमीप्रमाणे बोलायला सुरुवात केली तर तिने हात वर केला.

"भिंतीवरचा आरसा काढ," ती म्हणाली.

"कशाला?"

"काढ म्हटलं ना. दोन हातांत धर. तिकडे दारापाशी जा. आता इकडे ये. हत्ती आणि बारा चित्रं आठवणीतून निघतात, अकरा मिनिटं नाही. मला चालणारं माणूस हवंय आणि या घरात दोन पाय धड असलेला रिकामटेकडा तूच आहेस."

मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, वजन सांगत नाही. रंगारीण आधीच तोंडावर पदर धरून हसायला लागली होती. मी आरसा छातीशी धरला आणि निघालो.

"पोट आत. तू आठ वर्षांची आहेस. तुझ्याकडचं होतं-नव्हतं ते सगळं त्या काचेत गेलंय, आणि फुटली तर पुन्हा आणता येणार नाही. चाल."

मी चाललो. पलंगाच्या टोकाशी पोचलो तेव्हा मी खरोखर आधी टाच टेकून मगच पंजा टाकत होतो. मी मान वर करून दिग्दर्शकबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नजर माझ्या पायांवर होती.

"परत," ती म्हणाली.